१०० ग्रेनची गोळी आणि बॅरलचा पीळ : माझ्या .२४४ रेमिंग्टनचं काय चुकलं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

इथे रायफल आणि शिकारीवर मराठीत लिहिणारे आपण मोजकेच आहोत, पण यंदा जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिवाय प्रश्नही आहेत.

मी विस्कॉन्सिनमध्ये, ओ क्लेअरजवळ राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. पाच वर्षं मी शेजारच्या आजोबांबरोबर जात होतो. मला सगळं त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी ते वारले आणि आजींनी त्यांची रायफल माझ्या हातात दिली. रेमिंग्टन ७२२, काडतूस .२४४ रेमिंग्टन. अक्रोडाचा दस्ता, आणि जिथे त्यांचा हात धरायचा तिथलं पॉलिश जाऊन लाकूड काळपट-गुळगुळीत झालेलं.

.२४४ नावाची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत. एका दुकानात सांगितलं, "६ एमएम रेमिंग्टन घ्या, तेच आहे." काडतूस चेंबरमध्ये अगदी नीट बसलं. मी १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), टोकदार, बोटटेल म्हणजे बुडाकडे निमुळती होणारी गोळी घेतली. विचार एवढाच, की हरणाला जड गोळी बरी.

सप्टेंबरमध्ये १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत पसरल्या. मला वाटलं माझाच हात बसला नसेल. दुर्बिणीचे स्क्रू आवळले, पुन्हा गेलो, तेच. मग हंगामाच्या आदल्या रविवारी गेलो. त्या दिवशी उणे पाच सेल्सिअस होतं. पहिली गोळी सहा इंच खाली. दुसरी कागदावर सापडलीच नाही. तिसरीचं भोक पाहून पोटात गोळा आला. ते गोल नव्हतं. जुन्या कुलपाच्या किल्लीचं भोक असतं तसं, एका बाजूला गोल आणि खाली लांबट, जवळजवळ पाऊण इंच, कडेला शिशाची करडी रेघ. गोळी आडवी होऊन कागदातून गेली होती.

मी ती रायफल घेऊन रानात गेलो नाही. मित्राची .३०-३० मागून घेतली. पण रात्री डोक्यात एकच येत राहिलं, की थंडी पडायच्या आधीच मी "चार इंच चालतील" म्हणून थांबलो असतो तर? आडवी झालेली गोळी हरणाच्या पोटात लागून ते मैलभर पळून कुठे तरी झुडपात दोन दिवस पडून राहिलं असतं. आजोबा म्हणायचे, नेम चुकला तर चालेल, जखमी सोडायचं नाही.

बॅरल झिजली असेल का? दुकानदार म्हणाला तसं ६ एमएम आणि .२४४ खरंच एक आहेत का? आणि गोळीच्या वजनाप्रमाणे बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, बघायचा असतो म्हणतात, ते नेमकं कसं?

रंकाळा

बापरे, किल्लीच्या भोकासारखं भोक मी आजवर फक्त फोटोत पाहिलंय. बरं झालं रानात नेली नाहीत. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतो.

जुना_खराद

वाशिष्ठीकाठ, बॅरलला दोष देऊ नका, आजोबांनाही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रायफलच्या नावातच आहे. मी ह्यूस्टनमध्ये तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, हौस म्हणून बॅरली बसवतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

१९५५ साली दोन कंपन्यांनी एकाच व्यासाच्या, .२४३ इंचाच्या गोळीची दोन काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. दोन्हींची ताकद जवळपास सारखी. खरं म्हणजे .२४४ च्या केसमध्ये दारू थोडी जास्तच मावते. पण रेमिंग्टनने धरलं, की हे मुख्यतः लांबवर घुशी-कोल्हे मारायचं काडतूस, म्हणून ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या आणि १२ इंचांत एक फेरा असा संथ पीळ. विंचेस्टरने ठेवला १० इंचांत एक, आणि ८० ग्रेनच्या जोडीला १०० ग्रेनची गोळी दिली. घेणाऱ्याला एकाच रायफलमध्ये कोल्हा आणि हरीण दोन्ही हवं होतं. विंचेस्टर धडाक्यात चाललं. रेमिंग्टनने पुढे गुपचूप पीळ ९ इंचांवर आणला, पण नाव एकदा खराब झालं ते झालं. शेवटी १९६३ मध्ये तेच काडतूस '६ एमएम रेमिंग्टन' या नव्या नावाने काढलं.

म्हणजे दुकानदार काडतुसाबद्दल खोटं बोलला नाही. मापं तीच आहेत, चेंबरमध्ये बसतं, उडवायला धोका नाही. पण '६ एमएम' म्हणून विकलेलं १०० ग्रेनचं काडतूस ९ इंची पिळाच्या बॅरलसाठी भरलेलं असतं. ते तुमच्या १२ इंची बॅरलमधून गेलं असावं. 'असावं' म्हणतोय, कारण मधल्या काळातल्या काही .२४४ वर ९ चा पीळ आहे. बॅरलवर ते लिहिलेलं नसतं, तेव्हा मोजा.

मोजायची रीत अशी. आधी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. साफसफाईचा एकसंध दांडा घ्या, ज्याच्या मुठीत बेअरिंग आहे आणि दांडा मोकळा फिरतो असा. टोकाला ब्रश नको, घट्ट बसणारी चिंधी लावा, म्हणजे ती खाचांमध्ये धरते. दांडा थोडा आत घातला की मुठीजवळ वरच्या बाजूला टेपचा छोटा झेंडा चिकटवा आणि दांड्यावर पेन्सिलची खूण करा. आता हळूहळू ढकलत राहा. झेंडा फिरत फिरत परत वर आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा पीळ. तीनदा करा. चिंधी एखाद वेळी घसरते.

वाशिष्ठीकाठ

खराद काका, मनापासून आभार. आज दुपारी तळघरात बसून मोजलं. पहिल्यांदा १२ इंच, दुसऱ्यांदा ११ आणि ७/८, तिसऱ्यांदा पुन्हा १२.

दांडा आपोआप वळतो ते बघताना अंगावर काटा आला. इतकी वर्षं 'रायफलिंग' हा शब्द वापरत होतो, पण तो पीळ हाताला कळला आज.

गणिताची_वही

तर मग आता हिशेब करू. पण त्याआधी धाग्यातला एक शब्द दुरुस्त करायचा आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. "गोळीच्या वजनाप्रमाणे ट्विस्ट" असं आपण सगळेच म्हणतो. ते बरोबर नाही. ट्विस्ट ठरतो तो लांबीप्रमाणे. खोक्यावर ग्रेन छापलेले असतात, लांबी छापलेली नसते, म्हणून वजनावर बोलायची सवय लागली. शिशाच्या, साधारण एकाच आकाराच्या गोळ्या असतील तर जास्त वजन म्हणजे जास्त लांबी, म्हणून सवय चालूनही जाते. आणि मग एक दिवस चालत नाही.

कारण समजायला भोवरा आठवा. जोरात फिरणारा भोवरा आरेवर ताठ उभा राहतो, वेग उतरला की डुलायला लागतो आणि आडवा पडतो. टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य मागे असतो आणि हवेचा दाब मात्र त्याच्या पुढे, टोकाकडे पडतो. म्हणजे हवा तिला सतत उलटवायला बघते. फिरकी तिला सावरते. गोळी जितकी लांब, तितकं उलटवणारं बळ भारी, तितकी फिरकी जास्त लागते.

१८७९ मध्ये वुलविचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीतले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी तोफखान्यासाठी सोपा नियम दिला. १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि लांबीने भागायचं, म्हणजे लागणारा पीळ इंचांत मिळतो. वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घेतात. बघा, यात वजन कुठेच नाही.

आता जास्त वापरतात तो डॉन मिलर यांचा नियम, २००५ चा. त्यातून स्थिरतेचा आकडा निघतो. १ च्या खाली गेला की गोळी उलटते. १.५ च्या वर असेल तर निश्चिंत. मधला प्रदेश धोक्याचा. तिथे गोळी बहुधा सरळ जाते, पण किंचित डुलत जाते, वेग लवकर गमावते. सूत्र असं: वजन (ग्रेन) गुणिले ३०, भागिले [पिळाचा वर्ग × व्यासाचा घन × लांबी × (१ + लांबीचा वर्ग)]. व्यास इंचांत, पण पीळ आणि लांबी व्यासाच्या पटीत घ्यायची. वजन इथे आहे, पण वर आहे. म्हणजे लांबी तीच ठेवून गोळी जड केली तर ती जास्त स्थिर होते! लांबी मात्र खाली आहे आणि जवळजवळ तिच्या घनाने मारते.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या गोळीची लांबी द्या. काडतुसाची नाही, नुसत्या गोळीची.

वाशिष्ठीकाठ

ताई, तुमचं वाचून गन क्लबमधल्या एका काकांकडे गेलो. त्यांच्याकडे गोळी उपटायचा प्लास्टिकचा हातोडा आहे. काडतूस त्यात उलटं अडकवून लाकडावर तीन-चार ठोके दिले की गोळी आणि दारू आतल्या कपात पडतात. गोळी व्हर्नियरवर धरली. १.०४ इंच. वजन काट्यावर ९९.८ ग्रेन.

गणिताची_वही

छान. ग्रीनहिलने १८० घेऊन येतो सव्वादहा इंचांचा पीळ, १५० घेऊन साडेआठ. तुमचा आहे १२. म्हणजे दोन्ही हिशेबांनी फिरकी कमी.

मिलरने: वेग ३,००० फूट धरला तर प्रमाण हवेत (समुद्रसपाटी, १५ अंश) १.०६. कडेलोटावर उभी आहे गोळी. आता तुमच्या दोन दिवसांचा फरक बघा. सूत्रात वेगाची आणि हवेच्या घनतेची दुरुस्ती असते. ओ क्लेअरची उंची आणि २५ अंश धरले तर सप्टेंबरचा आकडा येतो १.१४. उणे पाचला येतो १.०२. हे सूत्र शेवटी अंदाजच आहे, शे-दोनशे फूट वेग इकडेतिकडे किंवा गोळीच्या आकारात थोडा फरक असला की १.०२ चे खरे ०.९८ होतात. सप्टेंबरला चार इंच आणि नोव्हेंबरला किल्लीचं भोक, दोन्हीचं उत्तर इथे आहे. थंड हवा दाट असते.

९ चा पीळ असता तर हीच गोळी १.८८ ला बसली असती.

जुना_खराद

थंडीवरून आठवलं. एआर-१५ (पुढे अमेरिकी लष्कराची एम१६) रायफलींना सुरुवातीला १४ इंचांत एक असा पीळ होता. ५५ ग्रेनची गोळी उबदार हवेत ठीक जायची. अतिथंड हवेतल्या चाचण्यांत गोळ्या डगमगायला लागल्या, म्हणून १९६३ मध्ये पीळ १२ वर आणला. पुढे ८० च्या दशकात एम१६ए२ आली तेव्हा तो ७ झाला, ६२ ग्रेनच्या गोळीमुळे नव्हे तर तिच्या जोडीच्या लांबलचक ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या) गोळीमुळे. ६२ ग्रेनला ९ सुद्धा पुरतो.

रंकाळा

एक शंका. मी कोल्हापुरात .२२ प्रोन (पालथं पडून) मारतो, मोठ्या बोअरचा काहीच अनुभव नाही. (स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरला कांस्य आणल्यापासून आमच्या रेंजवर नवी पोरं इतकी आली आहेत की लेन मिळत नाही. ते आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे.) आमच्या .२२ ला पीळ १६ इंचांत एक असतो, सगळीकडे तोच. वर उल्लेख आलेल्या एआर-१५ च्या गोळीचा व्यासही जवळजवळ तेवढाच. मग तिथे ७-८ आणि आमच्याकडे १६, इतका फरक?

गणिताची_वही

रंकाळा, हाच सगळ्यात चांगला पुरावा. तुमची ४० ग्रेनची शिशाची गोळी बुटकी आणि गोल नाकाची, अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. ग्रीनहिलने करून बघा, १५-१६ च येतो. त्याच व्यासाची ७७ ग्रेनची टार्गेट गोळी साधारण एक इंच लांब. व्यास तोच, लांबी दुप्पट.

खडकीकर

या धाग्यावर लिहिण्याइतकं मला शिकारीतलं कळत नाही. पण लांबी आणि वजन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या वडिलांनी मला चौथीत असताना दाखवलं होतं, म्हणून लिहितो.

वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ पासूनची फॅक्टरी. त्यांच्याकडे .३०३ ची उभी कापलेली एक गोळी होती, टेबलावर कागदावर ठेवायला. तिच्या कापलेल्या बाजूला मागे करडं शिसं दिसायचं आणि टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात चकचकीत पांढरा धातू. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, अॅल्युमिनियम. टोक हलकं, बूड जड.

मोठेपणी समजलं ते असं. .३०३ ची जुनी गोळी २१५ ग्रेनची, गोल नाकाची. १९१० मध्ये मार्क ७ आली, १७४ ग्रेन, टोकदार. ४१ ग्रेन कमी, पण टोकात हलका धातू भरल्यामुळे लांबी फारशी घटली नाही. ली-एनफिल्डचा पीळ मात्र तोच राहिला, १० इंचांत एक, डावीकडे वळणारा, पाच खाचांचा. नुसतं वजन बघून कोणी म्हटलं असतं, की गोळी इतकी हलकी झाली, आता पीळ संथ करा, तर फसला असता.

ती कापलेली गोळी अजून माझ्या टेबलावर आहे.

वाशिष्ठीकाठ

खडकीकर, किती सुंदर आठवण. फोटो टाकता आला तर जरूर टाका.

अकोल्याचा_गडी

मला हे सगळं पटत नाही. माझ्या डॅलसच्या मित्राकडे पण .२४४ आहे, जुनीच, आणि तो गेली कित्येक वर्षं १०० ग्रेन मारतो. इंचात ग्रुप, म्हणजे सगळ्या गोळ्या इंचभरात. आकडेमोड कागदावर ठीक आहे हो, पण कागदावरचं भोक काय सांगतं ते महत्त्वाचं. दुसरं, पीळ जास्त घेतला की गोळी 'ओव्हर स्टॅबिलाइज' होते, ते कोणी बोलत नाही.

जुना_खराद

गडी, तुमच्या मित्राचं मी खोटं म्हणणार नाही. दोन शक्यता. त्यांची रायफल ९ च्या पिळाची असेल. किंवा त्यांची १०० ग्रेनची गोळी गोल नाकाची, सपाट बुडाची असेल. ती बोटटेलपेक्षा बरीच आखूड असते, आणि डॅलसला उणे पाच रोज नसतं. जुन्या .२४४ वाल्यांपैकी अनेकांनी अशा बुटक्या १०० ग्रेनवर हरणं पाडली आहेत. कागद शेवटचा न्यायाधीश हे शंभर टक्के मान्य. फक्त तो कागद ज्या थंडीत शिकार करायची त्या थंडीत टांगा.

जास्त पिळाबद्दल. शिकारीच्या अंतरावर त्याची भीती बाळगू नका. गोळीच्या बनावटीत किंचित असमतोल असेल तर जास्त फिरकी तो वाढवून दाखवते, ग्रुप थोडा मोठा होतो. खरा धोका पातळ कवचाच्या, घुशींसाठीच्या हलक्या गोळ्यांना. ३,००० फूट वेग आणि १० चा पीळ म्हणजे मिनिटाला २,१६,००० फेरे. ८ ला तेच २,७०,००० होतात. पातळ कवचाची गोळी फार वेगात मारली तर वाटेतच फुटून धूर होते. हरणाच्या गोळीचं कवच जाड असतं, तिला काही होत नाही.

पारिजात

मी बे एरियातून. आमच्याकडे लांबी-वजनाचा हा प्रश्न सगळ्यांच्याच घरात आला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. कायदा झाला २०१३ ला, टप्प्याटप्प्याने लागू झाला. कारण कॉन्डोर, इथलं मोठं गिधाड. १९८२ मध्ये जगात २२ कॉन्डोर उरले होते. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी खातात आणि त्यातल्या शिशाच्या कणांनी मरतात. मी तो कायदा मनापासून मानते.

पण नवऱ्याने पहिल्या वर्षी काय केलं, शिशाची होती तितक्याच ग्रेनची तांब्याची आणली. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. तेच वजन म्हणजे गोळी तेवढी लांब. ग्रुप तिप्पट झाला. वजन एक पायरी खाली आणलं आणि सगळं जागेवर आलं. तांब्याची गोळी फुटून तुकडे होत नाहीत, जवळजवळ सगळं वजन राखते, त्यामुळे हलकी घेतली तरी आत खोल जाते. इथले जुने लोक हेच सांगतात: तांबं घ्याल तर एक पायरी हलकं.

रॉकी_मावळा

पारिजात +१. मी कोलोरॅडोत एल्कसाठी (हे मोठं हरीण) .२७० विंचेस्टर वापरतो. १९२५ चं काडतूस, पीळ १० चा. १३० ग्रेनची तांब्याची गोळी, मोजून १.२८ इंच. ताईंच्या सूत्राने समुद्रसपाटीला १.४ च्या आसपास येते, म्हणजे काठावर. पण मी मारतो ९,००० फुटांवर. तिथे हवा इतकी विरळ, की तोच आकडा १.८ च्या वर जातो. इथे चालणारी गोळी घेऊन कोणी मिनेसोटाच्या थंडीत गेला तर फसेल, हे लक्षात ठेवा.

.२७० चं दुखणं हेच. जुन्या १० च्या पिळामुळे १५० ग्रेनच्या पुढच्या लांब गोळ्या तिला झेपत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये त्याच व्यासाचं ६.८ वेस्टर्न आलं, पीळ साडेसात-आठ, गोळ्या १६५ ते १७५ ग्रेन. ६.५ क्रीडमूर (२००७) पहिल्यापासून ८ चा पीळ घेऊन आलं आणि १४० ग्रेन सहज पेलतं. त्यात नवं काहीच नाही म्हणा, स्वीडनच्या ६.५x५५ ला १८९४ पासून २०० मिलिमीटरचा, म्हणजे पावणेआठ इंचांच्या जरा वरचा, पीळ आहे, १५६ ग्रेनच्या लांब गोल नाकाच्या गोळीसाठी. रेमिंग्टनने १९५५ ला ते बघायला हवं होतं.

तुळशीवृंदावन

तांत्रिक चर्चा छान आहे, पण मला विचारावंसं वाटतं, की हरणं मारायचीच कशाला? भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे ती काही उगीच नाही.

वाशिष्ठीकाठ

तुळशीवृंदावन, प्रश्न प्रामाणिक आहे. मीही चिपळूणचा, घरी कोणी बंदुकीला हात लावला नव्हता. भारतातला कायदा योग्यच आहे, तिथली परिस्थिती वेगळी. इथे लांडगे-प्यूमा बहुतेक भागांतून गेले, हरणं शेतं आणि नवी रोपटी फस्त करतात. २००२ पासून विस्कॉन्सिनच्या कळपांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, त्यामुळे मारलेलं हरीण तपासायला देऊनच आम्ही खातो. आणि १९३७ च्या कायद्याने रायफल-काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला जातो. मी वर्षाला एक हरीण मारतो, घरी तेच मांस खातो. म्हणूनच ते एका गोळीत, त्याला कळायच्या आत संपावं, याची मला एवढी काळजी. हा धागा त्यासाठीच आहे. यावर वेगळा धागा काढलात तर तिथे नक्की लिहीन.

रॉकी_मावळा

एक मुद्दा राहिला, तो शिकारीच्या दृष्टीने मोठा आहे. काहींना वाटतं, पीळ जास्त असेल तर गोळी मांसातही सरळ जाईल. मांसाची घनता हवेच्या आठशे पटींच्या वर. तिथे कुठलाच पीळ टोकदार गोळीला सावरू शकत नाही. तिला सरळ ठेवतं ते तिचं उमलणं. पुढचा भाग छत्रीसारखा उघडला की गोळी बुटकी होते, दाब समोर पसरतो, आणि ती सरळ जाते. पण उमलायला टोक आधी लागायला हवं. डुलत आलेली गोळी कातडीवर तिरकी आपटते, नीट उघडत नाही, वळते. खांद्यामागे फासळ्यांवर नेम धरलेला असतो आणि गोळी निघते पोटातून. कागदावर १.१ ची गोळी दीड इंचाचा ग्रुप देईलही, मी ती जनावरावर मारणार नाही.

वाशिष्ठीकाठ

वाचून पुन्हा एकदा बरं वाटलं की नेली नाही.

काल आजींकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी तळघरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. आत आजोबांनी स्वतः भरलेली तीसेक काडतुसं. झाकणाच्या आत मास्किंग टेपवर त्यांच्या अक्षरात: ९० ग्रेन, सपाट बूड. दारूचं वजनही लिहिलंय. ही उडवू का?

जुना_खराद

अजिबात नको. माणूस कितीही काटेकोर असो, दुसऱ्याने भरलेलं जुनं काडतूस उडवायचं नाही. दारू कोणत्या डब्यातली, किती जुनी, ओल लागली का, काही कळायला मार्ग नाही. हातोड्याने उपटा, दारू टाकून द्या, गोळी मोजा. आणि टेपवरचं दारूचं माप आहे तसं घेऊ नका. आजच्या पुस्तकात बघून सर्वांत कमी मापापासून नव्याने सुरू करा.

वाशिष्ठीकाठ

उपटली. ०.९१ इंच, ९० ग्रेन. खाली सपाट, शिसं दिसतंय.

गणिताची_वही

वेग ३,१०० धरते. तुमच्या उंचीवर सप्टेंबरच्या हवेत १.५२. उणे पाचला १.३७. उणे अठराला १.३०. १०० ग्रेनपेक्षा १० ग्रेन कमी, पण लांबी १३ सहस्रांश नव्हे, १३ शतांश इंच कमी, आणि बघा कुठून कुठे गेलो.

८० ग्रेनची सपाट बुडाची ०.८२ इंचाची मिळाली तर प्रमाण हवेतच १.७ येतात. पण हरणासाठी ती हलकी आणि बहुधा पातळ कवचाची असेल, तिथे माझं गणित थांबतं. तांब्याचा विचार मात्र या बॅरलमध्ये सोडा. ८५ ग्रेनची तांब्याची साधारण १.०३ इंच भरते. १० च्या पिळातही ती १.३५ च देते, तुमच्या १२ मध्ये १ च्या खाली.

रॉकी_मावळा

८० नको, ९० च. जाड कवचाची बघून घ्या, अंतर दीडशे-दोनशे यार्डांत ठेवा, नेम खांद्यामागे, फासळ्यांवर. खांद्याचं हाड टाळा.

अकोल्याचा_गडी

मित्राला फोन केला होता. दांडा घालून मोजायला लावलं. त्याचा निघाला ९. खराद काका, तुमचंच खरं.

पारिजात

वाशिष्ठीकाठ, बॅरल बदलून ८ ची टाकायचा विचार केलात का? मग तांबंही चालेल. लहान मुलं मांस खाणार असतील तर माझ्या मते विचार करा. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं एक्स-रेखाली घातली तेव्हा त्यांत शिशाचे कण सापडले होते.

वाशिष्ठीकाठ

पारिजात ताई, आमची मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे हे मनाला लागलं. ठरवलं असं: आजोबांच्या रायफलची बॅरल बदलणार नाही, आजी असेपर्यंत तरी नाही. घरातल्या फ्रीझरसाठी पुढच्या वर्षी ६.५ क्रीडमूर घेऊन तांब्याची गोळी वापरीन. .२४४ घेऊन हंगामात एक सकाळ जाईन. त्यावर हरीण मिळालं तर जखमेभोवतीचं मांस हात-दोन हात सोडून कापायचं, आणि त्यातलं मुलीला द्यायचं नाही.

क्लबमधल्या काकांच्या देखरेखीखाली ९० ग्रेनची वीस काडतुसं भरली, पुस्तकातल्या कमी मापापासून. खराद काकांनी सांगितलं तसं थंडीतच बघायचं म्हणून थांबलो होतो. आज सकाळी पारा उणे अठरा. बोटं बधिर होत होती, दोन गोळ्यांच्या मध्ये हातमोजे घालून बसत होतो. १०० यार्ड, पाच गोळ्या, सव्वा इंच. कागद काढून आजींना दाखवायला नेला. पाचही भोकं गोल आहेत.